चषकाकडे जन्मदाखला मागू नका

सीमाभागातील मराठी मंडळांच्या निमंत्रणपत्रिकांतून एक शब्द गाजावाजा न होता हद्दपार होऊ लागला आहे. तो शब्द म्हणजे ‘चषक’. वक्तृत्व स्पर्धा असो, आंतरशालेय कबड्डी असो, की गणेशोत्सवातील भजन स्पर्धा असो. मजकूर तयार होतो, मुद्रित तपासायला येते आणि मंडळातील कोणी एक जाणकार त्या शब्दावर काट मारतो. कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : चषक म्हणजे मद्याचा पेला, तो विद्यार्थ्यांच्या हाती कसा द्यावा? दुसरा सभासद ‘पेला’ सुचवतो, तर तिसरा तो फारसी म्हणून नाकारतो. चौथा म्हणतो, लोक ‘कप’च म्हणतात, उगाच संस्कृत कशाला? या चौघांचा वाद मिटत नाही आणि छपाईची वेळ टळून जाऊ लागते. मग पत्रिकेवर ‘ट्रॉफी’ छापून सर्वजण समाधानाने घरी जातात. मराठीच्या रक्षणासाठी बसलेली बैठक मराठी शब्दाचा बळी देऊन संपते आणि त्याची खंत कोणालाच नसते.

हा प्रश्न एका शब्दापुरता असता, तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु शब्दाचे मूळ शोधून त्यावरून त्याची लायकी ठरवण्याची ही सवय आपल्या चळवळीला आतून पोखरत आहे. जी कसोटी आज चषकाला लावली जाते, तीच उद्या गावाच्या नावाला, परवा घराण्याच्या आडनावाला आणि अखेरीस माणसाला लावली जाते. म्हणून या शब्दाचा खटला नीट चालवून निकाली काढणे अगत्याचे आहे.

कबुलीजबाब

जे नाकारता येत नाही ते आरंभीच मान्य करावे, असा आमच्या व्यवसायातील शहाणपणाचा संकेत आहे. तेव्हा कबूल करू. संस्कृतात चषक म्हणजे पिण्याचे पात्र, आणि विशेषेकरून मद्य पिण्याचे पात्र. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडातील शूद्रवर्गात तो मद्यवाचक शब्दांच्या पंगतीत बसलेला आहे. पानपात्र, सरक, अनुतर्षण हे त्याचे शेजारी. वामन शिवराम आपटे यांच्या १८९० च्या संस्कृत-इंग्रजी कोशातही हाच अर्थ आहे. संस्कृत काव्यांतील पानगोष्ठींच्या वर्णनांत चषक भरले जातात, रिकामे होतात, त्यांत चंद्राचे आणि प्रियेच्या मुखाचे प्रतिबिंबही पडते. याविषयी वाद नाही.

वाद पुढे आहे. परंपरागत वैयाकरण हा शब्द ‘चष्’ या धातूपासून साधतात, आणि धातुपाठात या धातूचा अर्थ ‘भक्षण’ असा दिलेला आहे. भक्षण म्हणजे खाणे. म्हणजे व्युत्पत्तीवरच बोट ठेवायचे, तर त्या धातूत मद्याचा थेंबही नाही. मद्याचा अर्थ आला तो लोकांच्या वापराने. ज्या काळी त्या पात्रातून मद्य पिण्याचा प्रघात होता, त्या काळी त्या शब्दाला तो अर्थ चिकटला. आक्षेप घेणारे ज्या अर्थाकडे बोट दाखवतात, तो अर्थच मुळी व्युत्पत्तीतून नव्हे तर वहिवाटीतून जन्मलेला आहे. मग प्रश्न असा की, दीड हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृत भाषकांची वहिवाट ग्राह्य आणि आजच्या कोट्यवधी मराठी भाषकांची वहिवाट अग्राह्य, हा न्याय कोणत्या संहितेतला? संस्कृताला अर्थ बदलण्याचा अधिकार होता आणि मराठीला नाही, असे तर कोणाला म्हणायचे नसेल?

लिंगाचीही गोष्ट बोलकी आहे. संस्कृतात चषक पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी असा दुहेरी चालतो. मराठीने त्यातले पुल्लिंग ठेवले, नपुंसकलिंग सोडले, आणि ‘चषक पटकावला’, ‘चषकावर नाव कोरले’, ‘चषक राखला’ अशी स्वतःची क्रियापदे त्याला जोडली. ‘चषकावर नाव कोरणे’ हा प्रयोग संस्कृतातून आयता आलेला नाही, इंग्रजीतून शब्दशः उचललेला नाही; तो मराठी क्रीडावृत्ताने घडवलेला आहे. ज्या शब्दाभोवती भाषेने असा संसार थाटला, तो शब्द त्या भाषेचाच झाला.

यज्ञातील पात्र आणि जिमखान्यातील पात्र

मद्याचा संबंध आला की पात्र भ्रष्ट होते, ही समजूत इतिहासाला धरून नाही. आपल्या परंपरेत समारंभाचे जे अतिप्राचीन पात्र आहे, ते ‘चमस’. सोमयागात ऋत्विजांचे आपापले चमस असत. दांडा असलेली ही लाकडी पात्रे उचलून नेणाऱ्या सहायकांना ‘चमसाध्वर्यू’ अशी स्वतंत्र संज्ञा होती. त्वष्ट्याने घडवलेल्या एका चमसाचे ऋभूंनी चार चमस केले, ही कथा ऋग्वेदात पुनःपुन्हा येते आणि या कौशल्यामुळे ऋभूंना देवत्वाचा मान मिळाला असे सांगितले जाते. त्या चमसात पाणी नव्हते, सोमरस होता. ‘चम्’ म्हणजे घोट घेणे; त्याच धातूपासून ‘आचमन’ झाले. आज पळी-पंचपात्र घेऊन आचमन करणाऱ्या गृहस्थाला या शब्दाचे नाते सोमपानाशी आहे म्हणून संध्या सोडावीशी वाटत नाही. पात्राला पावित्र्य येते ते प्रसंगाने. त्यात काय ओतले जाई, याचा हिशेब मागे पडतो.

जाता जाता एक धोक्याची सूचना. चमस आणि चमचा यांचा आवाज सारखा, म्हणून चमचा हा शब्द वेदांतून आला असे सांगणारे उत्साही लोक भेटतात. चमचा हा फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द आहे. आवाजाचे साम्य म्हणजे पुरावा नव्हे. अशा पोकळ दाव्यांनी आपण आपल्याच बाजूची विश्वासार्हता घालवतो.

आता इंग्रजांकडे वळू. कारण बक्षीस म्हणून पात्र देण्याची आजची पद्धत त्यांच्याकडून आली. ‘चषक वाईट, कप चांगला’ असे म्हणणाऱ्यांनी कपाचे चरित्र तरी वाचावे. इंग्लंडात मेजवानीच्या प्रसंगी दोन कानांचे मोठे पात्र मद्याने भरून एका पाहुण्याकडून दुसऱ्याकडे फिरवण्याची रीत होती. आज बक्षीस समारंभात टेबलावर मांडलेल्या दोन कानांच्या चकचकीत कपांचा घाट त्याच पात्राचा. घोड्यांच्या शर्यतीत चांदी-सोन्याचे कप लावण्याची चाल पडली. ॲस्कॉटचा सुवर्णचषक १८०७ पासून चालू आहे. टेनिसचा डेव्हिस चषक १९०० मध्ये सुरू झाला, तेव्हा देणगीदाराने दिलेले पात्र होते ‘पंच’ नावाचे मद्यमिश्रित पेय वाढण्याचे चांदीचे मोठे भांडे. या पेयाचे नाव पाच घटकांमुळे आपल्याकडच्या ‘पाच’वरून पडले, असे सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरून गेलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने लिहून ठेवले आहे. तेव्हा मद्याच्या वासाने शब्द बाटत असेल, तर कप हा चषकापेक्षा कणभरही सोवळा नाही. फरक इतकाच, की कपाचे पूर्वचरित्र आपल्याला ठाऊक नाही आणि चषकाचे अमरकोशाने सांगून टाकले.

सिमल्यात १८८८ मध्ये ड्युरँड चषक आणि मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला. लष्करी छावण्या आणि जिमखाने यांच्याबरोबर ही पद्धत देशभर पसरली. आपल्या भाषेपुढे प्रश्न उभा राहिला, की या नव्या वस्तूला काय म्हणावे? मराठीने एका शब्दावर भागवले नाही. पात्राला ‘चषक’ म्हटले, ‘ट्रॉफी’ला ‘करंडक’ म्हटले, आणि ढालीच्या आकाराच्या पारितोषिकाला ‘ढाल’च म्हटले. रणजी करंडक, संतोष करंडक, पुण्याच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक आणि त्याच वेळी डेव्हिस चषक, थॉमस चषक, आशिया चषक, विश्वचषक. करंडक हा करंड्याचा संस्कृत पूर्वज. म्हणजे झाकणाची लहान पेटी, टोपली. कुंकवाचा करंडा ज्या देवघरात असतो, त्या घरातील मुलगा नाटकाचा करंडक जिंकून आणतो. दोन्ही शब्द त्याला आपले वाटतात, एकाचाही अडथळा दुसऱ्याला होत नाही.

याउलट इंग्रजीतील ‘ट्रॉफी’ हा शब्द आला ग्रीक भाषेतून. रणांगणावर शत्रू जेथून माघारी वळला, त्या जागी विजेते जे स्मारक उभारीत, त्याचे हे नाव. मूळ अर्थ ‘वळणे’. त्यात ना पात्र आहे, ना पेटी. तरीही इंग्रज मनुष्य ती वस्तू हाती घेताना ‘येथे कोण वळले?’ असे विचारत बसत नाही.

ज्यात पाणीही राहत नाही असा चषक

२५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला, आणि तोवर क्रीडापानापुरता असलेला हा शब्द मराठी घराघरांत पोचला. १९९९ पासून क्रिकेटचा जो विश्वचषक दिला जातो, तो चांदीच्या तीन खांबांवर तोललेला सोन्याचा गोल आहे. फुटबॉलचा १९७४ पासूनचा विश्वचषक म्हणजे पृथ्वीचा गोल उचलून धरणाऱ्या दोन मानवाकृती. यांपैकी एकातही घोटभर पाणी ओतता येत नाही. नौकाशर्यतीतील १८५१ चा प्रसिद्ध ‘अमेरिका चषक’ तर तळ नसलेला झारीवजा घडा आहे. तरीही आपण या सर्वांना चषक म्हणतो आणि आपले काहीही चुकत नाही. कारण आजच्या मराठीत चषक हे पात्राचे नाव राहिलेले नाही. ते विजयचिन्हाचे नाव झाले आहे. पानपात्र हा अर्थ मागे, साहित्यात आणि मेजवानीच्या वर्णनात उरला. ‘चषक भिडवले’ म्हटले की मद्य समजते, ‘चषक उंचावला’ म्हटले की विजय समजतो. सातवीतल्या मुलालाही हा भेद शिकवावा लागत नाही. तो फक्त मंडळाच्या कार्यकारिणीला समजावून सांगावा लागतो!

आणि नेमकी हीच गोष्ट मला मोलाची वाटते. हिंदी वर्तमानपत्रे ‘विश्व कप’ लिहितात. कन्नड वर्तमानपत्रे ‘विश्वकप्’ लिहितात. मराठी वर्तमानपत्र ‘विश्वचषक’ लिहिते. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वृत्तपत्रविक्रेत्याकडे तीन भाषांची पाने शेजारी शेजारी मांडलेली असतात. त्यांतील हा एक शब्द दुरूनही सांगतो की हे पान मराठीचे. इंदूर आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील तरुण जेव्हा ‘विश्वकप’ म्हणू लागतो, तेव्हा त्याने कोणते वर्तमानपत्र सोडले हे वेगळे विचारावे लागत नाही. जन्माने संस्कृत असलेला हा शब्द वहिवाटीने मराठीची ओळख झाला आहे. ती ओळख आपणच पुसून टाकायची, आणि वर मराठीवर अन्याय होतो म्हणून मोर्चा काढायचा, हा विरोधाभास कोणाच्याच ध्यानात येत नाही काय?

प्याला आणि पेला

आता शुद्धीवाद्यांकडे येतो. त्यांचे म्हणणे असे, की पेला, प्याला हे यावनी शब्द. त्यांना थारा नको. फारसी ‘पियाला’तून मराठीत दोन शब्द उतरले आणि मराठीने त्या दोघांना दोन घरे दिली, हे मात्र ते पाहत नाहीत. ‘पेला’ स्वयंपाकघरात राहिला. मुलाला दूध पेल्यातून दिले जाते, आजोबांची औषधाची मात्रा पेल्याने मोजली जाते. बारशाला आणि उष्टावणाला आत्या-मावश्या चांदीचा पेला, वाटी, चमचा आणतात. ज्या संस्कारात मंत्र वैदिक, त्यात भेटवस्तूंची नावे फारसी. आणि त्यामुळे आजवर एकाही बालकाचे धर्मांतर झालेले ऐकिवात नाही.

‘प्याला’ मात्र बाटलीच्या सोबतीला गेला. त्याचे मोठे श्रेय राम गणेश गडकऱ्यांना आहे. नवसारीत जन्मलेल्या या नाटककाराचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सनद रद्द झालेला सुधाकर हा आमच्याच व्यवसायातला बुद्धिमान मनुष्य. तळीरामाच्या संगतीने तो पहिला प्याला घेतो आणि संसाराची राखरांगोळी होते. या नाटकानंतर मराठी माणसाच्या कानी ‘प्याला’ हा शब्द पडला की सिंधूचे हाल डोळ्यांपुढे उभे राहतात.

आता एकूण चित्र पाहा. संस्कृतातून आलेला चषक मूळचा मद्याचा, तो आज मानाच्या व्यासपीठावर आहे. फारसीतून आलेला पियाला. त्याचे एक रूप बाळाच्या ओठी आहे आणि दुसरे मद्यप्याच्या. मूळ पाहून अर्थ ठरत असता, तर यांपैकी एकही शब्द आज आहे त्या जागी नसता. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपले पूर्वज म्हणत आले. शब्दालाही हाच न्याय आहे. मूळ जाणून घ्यावे, जरूर घ्यावे. त्यावरून पंक्तिभेद करू नये.

शुद्धीचा मार्ग किती निसरडा आहे, याचे आणखी एक उदाहरण चषकातच आहे. फारसीत ‘चशीदन’ म्हणजे चाखणे. आपल्या मिठायांतील ‘चाशनी’ त्याच घराण्यातली. काही व्युत्पत्तिशास्त्रज्ञांनी संस्कृत चषकाचे नातेही इराणी भाषांतील याच शब्दकुळाशी जोडले आहे. हे मत मान्य झाले, तर पेला परका म्हणून हाकलायचा आणि त्याच्या जागी त्याच्याच चुलतभावाला सन्मानाने बसवायचे, असा प्रकार होईल. खुद्द ‘कप’ही लॅटिन ‘कूपा’ या शब्दाच्या वंशातला, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याची तुलना आपल्या ‘कूप’ म्हणजे विहीर या शब्दाशी करतात. दूरच्या नात्यांची ही गुंतागुंत पाहिली म्हणजे शब्दांची शिरगणती करून त्यांना आत-बाहेर करणे किती व्यर्थ आहे ते कळते.

माधव जूलियन यांचे चरित्र या संदर्भात विचार करण्यासारखे आहे. बडोद्यात जन्मलेल्या, फारसीचे प्राध्यापक असलेल्या या कवीने १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला. पुढे मतपरिवर्तन होऊन त्यांनीच १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. त्यांच्या दुसऱ्या भूमिकेबद्दल मला आदर आहे. महापौर, दिनांक असे शब्द रूढ करणाऱ्या त्या चळवळीचे ऋण मी नाकारत नाही. पण काळाच्या न्यायालयात काय टिकले? जे नवे शब्द उपयोगी होते ते टिकले आणि जे जुने शब्द हाडीमांसी रुजले होते तेही टिकले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, तरी आज न्यायालयाच्या दारात मी वकीलच आहे. माझा पक्षकार फिर्याद किंवा दावा दाखल करतो आणि जामीनच मागतो.

दोन्ही बाजूंची एकच चूक

हाच रोग कन्नड बाजूलाही आहे. ‘मराठीत इतके कन्नड शब्द आहेत, म्हणून ही भूमी मुळात कन्नड’ असा युक्तिवाद आपण ऐकतो आणि संतापतो. तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा हे शब्द कन्नडशी असलेल्या सहवासातून मराठीत आले, हे मान्य करायला आपल्याला लाज वाटण्याचे कारण काय? उत्तर कर्नाटकाच्या न्यायालयांत कन्नड पक्षकारही ‘खट्ले’ चालवतो आणि ‘जामीनु’ मागतो. त्यावरून धारवाडवर कोणी हक्क सांगत नाही. गंमत पाहा : कन्नड शाळेत ‘बहुमान’ वाटले जातात, कारण कन्नडमध्ये बहुमान म्हणजे पारितोषिक. मराठी शाळेत वाटले जाते ते ‘बक्षीस’, तो शब्द फारसी. संस्कृताच्या मापाने मोजायचे ठरवले, तर या एका बाबतीत कन्नड शाळा आपल्यापेक्षा अधिक सोवळी ठरेल! तेव्हा हे माप हाती घेण्यापूर्वी ते कोणावर उलटेल याचा विचार करावा.

आपल्याकडेही असे युक्तिवाद कमी नाहीत. बेळगावचे प्राचीन नाव वेणुग्राम, ते संस्कृत, म्हणून ते मराठी. हे वाक्य मी अनेक सभांतून ऐकले आहे. वेणुग्राम संस्कृत आहे हे खरे. पण संस्कृत ही मराठीची खासगी मालमत्ता नाही. चषक कन्नड काव्यातही आहे, वेणुग्राम कन्नड इतिहासातही आहे. व्युत्पत्ती म्हणजे सातबाराचा उतारा नव्हे, आणि शब्दकोश म्हणजे भूमी अभिलेख कार्यालय नव्हे.

महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातील २००४ चा मूळ दावा शब्दांच्या कुळावर उभा नाही. आपली मागणी ८६५ गावांची आहे आणि तिची तत्त्वे चार : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. ही तत्त्वे आज जिवंत असलेल्या माणसांविषयी बोलतात. ते काय बोलतात, कोठे राहतात, त्यांना काय हवे आहे, एवढेच ती विचारतात. त्यांच्या शब्दांचे पूर्वज कोठून आले, हे विचारत नाहीत. व्युत्पत्तीचा पुरावा पुढे करणारा आपलाच कार्यकर्ता नकळत या भक्कम पायावरून आपल्याला भुसभुशीत जमिनीवर आणून उभे करतो.

न्यायालय काय म्हणते

शब्दाचा अर्थ कसा लावावा, याविषयी कायद्याचा दृष्टिकोन स्वच्छ आहे. अकोल्याच्या एका विक्रीकर प्रकरणात, रामावतार बुधईप्रसाद खटल्यात, विड्याचे पान ही ‘भाजी’ ठरते का, असा प्रश्न १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पान ही वनस्पतीच; शब्दकोश उघडला तर युक्तिवादाला जागा होती. न्यायालयाने मात्र सांगितले, की हा शब्द शास्त्रीय अर्थाने घ्यायचा नाही. रोजच्या व्यवहारात लोक ज्याला भाजी म्हणतात तीच भाजी. पान भाजी ठरले नाही. सामान्य व्यवहारातील अर्थाचे हे सूत्र त्यानंतर असंख्य प्रकरणांत वापरले गेले. चषकाचे प्रकरण त्या न्यायालयापुढे गेले असते, तर निकाल काय लागला असता हे सांगायला वकिलाची गरज नाही.

याहून महत्त्वाचा निकाल २०१४ चा आहे. प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमासंबंधी कर्नाटक शासनाविरुद्ध इंग्रजी माध्यमाच्या शाळाचालकांच्या संघटनेने लढवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटले, की मुलाची मातृभाषा कोणती हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या पालकांचा आहे. शासनाचा नव्हे, पंडितांचा नव्हे. भाषा ही बोलणाऱ्याच्या मालकीची असते, हे तत्त्व याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही. ज्याने आपली भाषा मराठी सांगितली, तो मराठी. मग त्याच्या बोलण्यात कन्नड तूप असो, फारसी पेला असो, की संस्कृत चषक.

तर मग करायचे काय

चषकाचे रक्षण करायचे, तर त्याची वंशावळ लिहून भागणार नाही. तो वापरावा लागेल. कर्नाटकाच्या कन्नड भाषा समग्र अभिवृद्धी कायद्यात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि आस्थापनांच्या नामफलकांवर ६० टक्के भाग कन्नडसाठी बंधनकारक झाला. यावर आपण निषेधाची पत्रके काढली. परंतु उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी लिहायला कोणी हरकत घेतली होती? सीमाभागातील बाजारपेठांतून फिरा. कन्नडखाली उरलेली जागा बहुतेक ठिकाणी इंग्रजीने भरलेली दिसेल, आणि त्या दुकानांचे मालक मराठी असतील. जेथे हक्क हिरावला गेला तेथे लढू. पण जेथे हक्क शाबूत असून आपण तो वापरत नाही, तेथे दोष कोणाचा?

घटनेच्या २९ व्या आणि ३० व्या अनुच्छेदांनी आपल्याला भाषा जपण्याचा व शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ मध्ये ठरले, की भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय पाहायचे. म्हणजे कर्नाटकात मराठी समाज निर्विवाद अल्पसंख्याक आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला ३५० क हा अनुच्छेद प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीची जबाबदारी राज्यावर टाकतो. या प्रत्येक तरतुदीखाली अर्ज करता येतात, माहिती मागता येते, प्रसंगी याचिका दाखल करता येते. मराठी शाळेत शिक्षक नाही म्हणून किती मंडळांनी गेल्या वर्षी लेखी अर्ज केला, आणि त्याची पोच जपून ठेवली? ‘चषक लिहावे की करंडक’ यावर रात्री अकरापर्यंत चाललेल्या बैठकीची वेळ या अर्जांना मिळाली असती, तर मी हा लेख लिहिला नसता.

म्हणून मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती अशी. पत्रिकेवर ‘चषक’ निःसंकोच छापा. ढाल देणार असाल तर ‘ढाल’ लिहा, पेटीच्या घाटाचे पारितोषिक असेल तर ‘करंडक’ लिहा, कुस्तीच्या फडात ‘मानाची गदा’ द्या. समारंभाला ‘बक्षीस वितरण’ म्हणा आणि पाहुण्यांना पाणी पेल्यातून द्या. त्या चषकावर विजेत्याचे नाव देवनागरीत कोरून घ्या. कोरणारा इंग्रजी अक्षरे सोपी म्हणून सुचवील, तेव्हा पाच मिनिटे थांबून त्याला मराठी अक्षरे लिहून द्या. चषकाच्या शुद्धतेवर पाच तास घालवण्यापेक्षा ती पाच मिनिटे भाषेच्या अधिक कामी येतील.

आणि पुढच्या बैठकीत कोणी चषकाचा जन्मदाखला मागितला, तर त्याला एवढेच विचारावे : आपल्या गावच्या मराठी शाळेचा यंदाचा पट किती आहे?